कृपया बॅक दाबू नये

पैसे घेणाऱ्यानं पावती द्यायची असते, ही गोष्ट माणसाला प्रथम केव्हा सुचली याचा शोध इतिहासकारांनी लावावा. माणूस ती विसरला केव्हा, एवढं मात्र मी सांगू शकतो. ज्या दिवशी अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या हौसिंग सोसायट्यांनी, वाचनालयांनी, योगवर्गांनी आणि मंगल कार्यालयांनी आपापल्या वेबसाइटी काढून तिथं 'पैसे भरा' असं हिरवंगार बटण बसवलं, त्या दिवशी. पावतीपुस्तक गेलं, त्यातला निळा कार्बन गेला, पान उलटताना बोटाला थुंकी लावणारा कारकूनही गेला. थुंकी गेली याचा मला आनंदच आहे. पण तिच्याबरोबर पावतीही जाईल, असं काही ठरलं नव्हतं.

माझ्या वयाचा माणूस असलं काही लिहायला बसला, की तरुण वाचक 'झालं यांचं सुरू' म्हणून पान उलटतात. त्यांनी जरा थांबावं. माझं भांडण संगणकाशी नाही, कार्डाशी नाही आणि ओटीपीशी तर मुळीच नाही. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं इंटरनेटवर कार्डानं पैसे भरताना दुसऱ्या खुणेची सक्ती केली, हे उत्तमच झालं. नुसता कार्डावरचा नंबर पाठ करून कुणी आपल्या पैशानं टीव्ही घेऊन जाऊ नये, एवढी अपेक्षा गैर नाही. पुढं १ ऑक्टोबर २०२२ पासून, दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर आपल्याकडे साठवून ठेवायचा नाही, त्याऐवजी टोकन वापरायचं, असा नियम आला. हे टोकन म्हटल्यावर मला तर गहिवरूनच आलं. पूर्वी बँकेत चेक सरकवला की पितळेचं टोकन मिळायचं; त्या बँकेच्या चार भिंतींत त्याला मोल, बाहेर भंगाराचा भाव. हेही तसंच. एका दुकानाचं टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही. म्हणजे वरच्या मंडळींनी आपली कामं नीट केलेली आहेत. माझं भांडण आहे ते हे बटण बसवणाऱ्यांशी. आणि त्याहून जास्त, बसवून घेणाऱ्यांशी.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते ऐका. मला हे एका शहाण्या पोरानं समजावून सांगितलं. अंधेरीला सीप्झमध्ये नोकरी करतो. सोसायटीची वेबसाइट काही स्वतः तुमचं कार्ड हाताळत नाही. ती तुम्हाला एक ऑर्डर नंबर देते आणि शेजारच्या दुकानात पाठवते. त्या दुकानाला पेमेंट गेटवे म्हणतात. तिथं तुम्ही नंबर भरता, गेटवे तुमच्या बँकेला विचारतो, बँक तुमच्या फोनवर सहा आकडे पाठवते, तुम्ही ते टाकता, बँक 'ठीक' म्हणते. मग गेटवे तुमच्याच हाती एक चिठ्ठी देतो, 'यांनी पैसे दिले बरं का', आणि तुम्हाला परत सोसायटीच्या वेबसाइटकडे धाडतो. वेबसाइट ती चिठ्ठी वाचते आणि पावती फाडते.

लक्षात आलं? पैसे पोचल्याचा निरोप न्यायचा कुणी? तर ज्यानं पैसे दिले त्यानंच! आणि वाटेत तो ठेचकाळला, फोनची बॅटरी गेली, गाडी बोगद्यात शिरली, नातवानं हातातला फोन ओढला, तर चिठ्ठी गेली आणि पावतीही गेली. पैसे तेवढे गेलेले असतातच. ते चिठ्ठीसाठी थांबत नाहीत.

म्हणूनच त्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'कृपया बॅक अथवा रिफ्रेश दाबू नये'. ही सूचना वाचली की मला नेहमी वाटतं, एखाद्या वाण्यानं दुकानाच्या दारावर 'गिऱ्हाइकानं पैसे दिल्यावर हलू नये, शिंकू नये, हललात तर हिशेब आम्हाला कळणार नाही' अशी पाटी लावली, तर त्याच्याकडे तूरडाळ घ्यायला कोण जाईल? पण वेबसाइटवर तीच पाटी आपण श्वास रोखून वाचतो आणि गोल फिरणाऱ्या त्या चक्राकडे समाधी लावून बसतो.

पैसे आणि पावती ह्यांच्यामध्ये इतकं अंतर पडावं, असं काही पूर्वी नव्हतं. बेस्टचा कंडक्टर घ्या. एका हातानं पैसे घेतले की दुसऱ्या हातानं चिमटा टकटकवत तिकीट. ह्या दोन क्रियांच्या मध्ये प्रवाशाला शिंकायलासुद्धा वेळ मिळत नसे. एसटीचा कंडक्टर तर त्याच्याही पुढचा. सुटे नसले की उरलेली बाकी तिकिटाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून देई. घाटात, अंधारात, उभ्यानं आणि तोंडात तंबाखूचा बार असताना! क्रेडिट कार्डाचंसुद्धा तेच. १९८० साली सेंट्रल बँकेनं आपलं कार्ड काढलं. त्या काळी दुकानदार कार्ड एका लोखंडी यंत्रात ठेवून वरून दांडा खर्रकन ओढत, खालच्या कार्बनवर कार्डाचे उठावाचे आकडे उमटत, आणि एक प्रत तुमच्या हातात पडे. म्हणजे पैसे जायच्या आधीच पावती! रेल्वेनं ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट द्यायला सुरुवात केली तेव्हा तिकीट काढायचं संगणकावर आणि आणून द्यायचा कुरियरवाला, असा प्रकार होता. आम्ही हसलो होतो. आज वाटतं, उगाच हसलो. दारात माणूस येत होता, त्याच्या हातात कागद होता.

आता मूळ प्रकरण. मी मुलुंडला ज्या इमारतीत राहतो, तिथं दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. अडतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या. अर्ध्या इमारतीला त्यांनी पाढे शिकवलेत, आणि सध्याचे खजिनदार हेही त्यांचेच विद्यार्थी. (सत्तावीसच्या पाढ्यात अडकत, असं बाई सांगतात. हे वाक्य खजिनदारांसमोर म्हणतात, म्हणून मीही छापतो.) बाईंना बंगलोरच्या मुलानं आपल्या खात्याला जोडून एक क्रेडिट कार्ड काढून दिलंय. "आई, रांगेत उभं राहू नकोस. आणि पॉइंटही मिळतात." बाईंनी तिमाहीची देखभाल भरायला कार्डाचा नंबर टाकला. ओटीपी आला. कुठं? बंगलोरला. मुलाच्या फोनवर.

मुलानं ताबडतोब आईला फोन केला. त्या संदेशातच लिहिलेलं असतं, 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका'. 'कोणालाही'मध्ये जन्मदाती आई येते की नाही, ह्याचा खुलासा कुठल्याच बँकेनं अजून केलेला नाही. असो. मुलानं आकडे सांगितले, बाईंनी एका कागदावर लिहून घेतले, फोन कानावरून काढला, आकडे टाकले, बटण दाबलं. आणि तेवढ्यात मुलाचा पुन्हा फोन. "आई, झालं का?" त्या फोननं ते पान मागे ढकललं. परत येऊन बघतात तो पान कोरं. बँकेचा संदेश मात्र हजर, तोही बंगलोरला, की रक्कम वजा झाली.

बाई पद्धतशीर. त्यांनी तीन ठिकाणी विचारलं. बँक म्हणाली, आमच्याकडून पैसे गेले. गेटवेवाले म्हणाले, आमच्याकडे 'सक्सेस' आहे. वेबसाइट बनवणारे घाटकोपरचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे 'पेंडिंग' आहे. तिघंही खरं बोलत होते, आणि तीच पंचाईत होती. खोटं बोलणारा माणूस कधी तरी पकडता येतो. तिघं खरं बोलायला लागले की गिऱ्हाईक संपलं.

बरं, इथं रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक. कार्डानं इंटरनेटवर पैसे भरले, खात्यातून गेले, पण विकणाऱ्याच्या यंत्रणेत पोचल्याची नोंद नाही, असं झालं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायचे. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. उत्तम नियम. बाईंनी तो मला तोंडपाठ म्हणून दाखवला. पण पैसे परत येण्यासाठी ते वाटेत कुठं तरी अडकलेले असावे लागतात. इथं गेटवेच्या दफ्तरी व्यवहार पार पडलेला. मग परत कोण देणार आणि कशाला?

पुढच्या महिन्यात जिन्याखालच्या फलकावर थकबाकीदारांची यादी लागली. तिसरं नाव बाईंचं.

त्या फलकाशी कोण कोण थांबतं ह्याची कल्पना मुंबईबाहेरच्या वाचकांना यायची नाही. दूधवाला थांबतो, लिफ्टवाला थांबतो, पोस्टमन थांबतो. ज्यांना आपलं नाव नीट लिहिता येत नाही ते दुसऱ्याचं नाव तिथं बिनचूक वाचतात. थकबाकीदाराला समितीची निवडणूक लढवता येत नाही, थकबाकीवर व्याज चढतं, हे सगळं कायद्याचं झालं. पण अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर 'हिशेब चुकला' असा लाल शेरा मारणाऱ्या बाईंना त्या यादीखालून भाजीची पिशवी घेऊन जावं लागलं, ते कुठल्या परिपत्रकात बसवायचं? बाई खजिनदारांकडे गेल्या. ते म्हणाले, "बाई, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण सिस्टीममध्ये दिसत नाही."

"मग सिस्टीमला चष्मा लाव," बाई म्हणाल्या.

आणि पैसे होते कुठं? वाचकहो, ते सोसायटीच्याच बँकखात्यात होते! गेटवे प्रत्येकाचे पैसे वेगळे पाठवत नाही. दोन-तीन दिवसांची जमा झालेली रक्कम एकत्र करून, एका आकड्यात, सोसायटीच्या खात्यात भरतो. कुठल्या घराचे किती, ह्याचा तक्ता सोबत असतो. तो उघडून मेळ घालावा लागतो. आमच्या खजिनदारांनी तो कधीच उघडला नव्हता, कारण 'सगळं ऑटोमॅटिक आहे' असं त्यांना घाटकोपरहून सांगण्यात आलं होतं. म्हणजे बाईंचे पैसे खिशात घालून सोसायटी बाईंचं नाव फलकावर लावत होती. गल्लीतल्या पठाणानंसुद्धा असं केलं नसतं. तो निदान व्याज घ्यायच्या आधी खिसा चाचपून बघायचा.

मी त्या सीप्झच्या पोराला विचारलं, "बाबा रे, ह्याला तुमच्या शास्त्रात काही उपाय आहे की नाही?" तो हसला. म्हणाला, "काका, उपाय पहिल्या दिवसापासून आहे." गेटवे गिऱ्हाइकाच्या हाती चिठ्ठी देतो तशीच दुसरी एक चिठ्ठी स्वतःच्या निरोप्याबरोबर थेट वेबसाइटच्या घरी पाठवतो. ह्याला वेबहुक म्हणतात. गिऱ्हाईक वाटेत हरवलं तरी निरोप्या पोचतो. एकदा दार उघडलं नाही तर पुन्हा येतो. शिवाय वेबसाइटला स्वतःहून गेटवेला विचारता येतं, 'अमुक नंबराच्या ऑर्डरचं काय झालं?' आणि रात्री एकदा तक्ता उघडून मेळ घालता येतो. तीन उपाय. आमच्या वेबसाइटवर तिन्ही नव्हते. निरोप्या आला होता, पण त्याच्यासाठी ह्यांनी घराला दारच ठेवलं नव्हतं!

आणि हे समजायला काही सीप्झला जावं लागत नाही. मुलुंड स्टेशनबाहेरच्या भाजीवालीला हे कळतं. तुम्ही क्यूआर कोडवर पैसे टाकता आणि आपला फोन तिच्या तोंडासमोर नाचवता, 'झालं बघ पेमेंट'. ती बघतसुद्धा नाही. म्हणते, "थांबा, डबा बोलू दे." मग तिच्या टोपलीशेजारचा तो डबा 'चाळीस रुपये प्राप्त झाले' असं म्हणतो, आणि मगच मेथीची जुडी पिशवीत पडते. गिऱ्हाइकाच्या हातातल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही. आपल्या निरोप्याची वाट बघायची. कारण चिठ्ठी हरवू शकते, आणि खोटीही असू शकते. खोटा 'पैसे दिले'चा देखावा दाखवून भाजी पळवणारे महाभाग आहेतच. वेबसाइटच्या बाबतीतही तसंच होतं: चिठ्ठीवरची गेटवेची सही तपासली नाही, तर एखादा चतुर सभासद स्वतःच चिठ्ठी लिहून आणील आणि वर्षाची देखभाल फुकटात उरकील. आमच्या वेबसाइटीत तीही तपासणी नव्हती. तेव्हा तिथं पैसे दिलेल्या बाई थकबाकीदार, आणि न दिलेला एखादा चोर आदर्श सभासद, असा उलटा न्याय सहज होऊ शकला असता.

एक राहिलंच. बाईंनी त्या दिवशी घाबरून बटण पुन्हा दाबलं असतं तर? पुन्हा पैसे गेले असते. हे मला अजिबात पटत नाही. आमच्या इमारतीत लिफ्टची वाट बघणारा प्रत्येक माणूस बटण दहा वेळा दाबतो. तरी लिफ्ट एकदाच येते. दहा लिफ्टा येत नाहीत. जी अक्कल आमच्या गंजलेल्या लिफ्टच्या बटणात आहे, ती त्या हिरव्यागार बटणात घालायला काय हरकत होती? एका बिलाला एक नंबर, आणि त्या नंबरावर पैसे एकदाच. बस.

ह्या सगळ्या सुखाबद्दल वर शुल्क असतं. त्याचं नाव सुविधा शुल्क. समजा देखभाल १०,००० रुपये आणि शुल्क दोन टक्के. म्हणजे २००, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ३६, एकूण २३६ रुपये. आता सुविधा कुणाची झाली बघा. कारकुनाचा पगार सोसायटीचा वाचला. पावतीपुस्तकाची छपाई सोसायटीची वाचली. चेक घेऊन बँकेत जाणं खजिनदारांचं वाचलं. बाईंचं काय वाचलं? पूर्वी त्या दुसऱ्या मजल्यावरून उतरून चेक पेटीत टाकत आणि वर येत. तेवढाच व्यायाम. तो वाचला म्हणून २३६ रुपये? बँका विकणाऱ्याकडून जी वटणावळ घेतात, ती डेबिट कार्डाच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या माथी मारू दिली जाऊ नये, असं रिझर्व्ह बँकेनं ६ डिसेंबर २०१७ ला बँकांना बजावलंय. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावरची वटणावळ तर १ जानेवारी २०२० पासून शून्यच झाली. क्रेडिट कार्डाला मात्र असं छप्पर नाही, आणि ज्याला छप्पर नाही त्याच्या डोक्यावर सुविधा कोसळते. रेल्वेचंच बघा ना. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंटरनेटच्या तिकिटावरचं सेवा शुल्क उठवलं. १ सप्टेंबर २०१९ ला तेच सुविधा शुल्क म्हणून परत आलं. मूल तेच, फक्त पुन्हा बारसं. पण रेल्वे निदान तिकीट तरी देते हो!

आणि ही माणसं काही दूर हिमालयात बसलेली नाहीत. रिझर्व्ह बँक फोर्टात, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन वांद्रे-कुर्ला संकुलात. जगभरच्या बँकांचे हिशेब सांभाळणारी पोरं ज्या अंधेरीत डबा खातात, तिथलं सीप्झ १९७३ सालचं. सगळी मुलुंडहून तासा-दीड तासाच्या अंतरावर. लंडनच्या एखाद्या बँकेचा एक पेनी इकडचा तिकडे झाला तर रात्री तीनला उठून शोधणारी ही हुशारी, गावातल्या गावात सोसायटीच्या जिन्यापर्यंत का येत नाही?

उत्तर मला सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तात सापडलं. वेबसाइट ताब्यात घेताना समितीनं काय तपासलं, ते त्यात लिहिलंय: 'सेक्रेटरींनी स्वतःच्या कार्डाने एक रुपया भरून पाहिला. रुपया आला. टाळ्यांच्या गजरात ठराव मंजूर.' एवढंच. रुपया येतो की नाही हे बघितलं. रुपया येताना मध्येच फोन आला तर काय होतं, दिवे गेले तर काय होतं, पान बंद केलं तर काय होतं, हे कुणालाच बघावंसं वाटलं नाही. घाटकोपरच्या गृहस्थांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. त्यांना पैसे आणायला सांगितलं होतं, त्यांनी आणले. पावतीबद्दल करारात एक ओळ नव्हती, कारण पैसे घेणाऱ्याला पावतीची कधीच निकड नसते. ती देणाऱ्याला असते, आणि देणाऱ्याला त्या बैठकीचं बोलावणं नव्हतं.

म्हणून गेल्या रविवारच्या विशेष सभेत मी लेखी मागणी ठेवली. बाईंचं नाव फलकावरून काढून, तिथंच तितक्याच मोठ्या अक्षरांत महिनाभर दिलगिरी लावावी. सुविधा शुल्क सोसायटीनं सोसावं. आणि निरोप्यासाठी दार, रात्रीचा मेळ, लिफ्टसारखं बटण, ह्या तीन गोष्टी झाल्याशिवाय त्या वेबसाइटवर कुणालाही थकबाकीदार म्हणू नये. बाईंनी अनुमोदन दिलं. खजिनदारांनी मान खाली घालून हात वर केला. दिलगिरी लागली आहे, दूधवाल्यानं वाचली. सुविधा शुल्काचा विषय पुढच्या सभेवर गेला.

राहिलेल्या मुद्द्यांवर काल घाटकोपरहून नवं दरपत्रक आलंय. त्यात एकच बाब आहे: 'पावती हमखास मिळण्याची सोय, ऐच्छिक, वार्षिक शुल्क वेगळे'. खाली पैसे भरण्यासाठी हिरवं बटण दिलंय. खजिनदार चेकबुक शोधताहेत.